कव्हर एक, रेकॉर्ड दुसरी

तीर्थरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाच सध्या वाकतात; उरलेल्या तिघांचा नमस्कार उभ्याउभ्याच मानून घ्यावा.) तुम्ही वयाने माझ्याहून दीड वर्षाने धाकट्या आणि नात्याने थोरल्या, त्यामुळे तुम्हाला आशीर्वाद द्यावेत की तुमच्याकडे मागावेत, हे मला एक्केचाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. तूर्त मागतो. तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं मलम लावता ना, की माझ्यावरचा राग मलमावर काढलात? त्या बिचाऱ्या ट्यूबचा काही गुन्हा नाही. सकाळ-संध्याकाळ लावायचं, चोळायचं नाही. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे आता मी एकटाच, त्यामुळे सगळ्यांना खुशाल ठेवणं पूर्वीइतकं अवघड जात नाही.

पत्र लिहिण्याचं कारण तुमचा थर्मास. हिरव्या झाकणाचा. त्यातून तुम्ही हिच्यासाठी रोज सूप आणायचात, तो आमच्या ओट्यावर गेले पाच महिने उभा आहे. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की मला चैन पडत नाही, हा माझा स्वभाव तुम्ही जाणताच. फोन केला होता. सात वेळा केला. वाजतो, पण उचलला जात नाही. माझी तक्रार नाही. फोन तुमचा, हात तुमचा. पण पत्राचं तसं नसतं. पत्र आलं की माणूस कितीही रागावलेला असला तरी फाडायच्या आधी एकदा वाचतोच, असा माझा अनुभव आहे. तेव्हा एवीतेवी लिहितोच आहे तर त्या रविवारबद्दलही लिहितो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरीही एकदा माझ्या बाजूने ऐका.

मी औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं काढली. (अजूनही अर्धा दिवस जातो. मालक म्हणतात, तुम्ही नसलात की डॉक्टरांचं अक्षर कुणालाच लागत नाही. यात माझं कौतुक किती आणि डॉक्टरांची निंदा किती, ते कळत नाही.) आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात: डबी एक आणि आत गोळी दुसरी, असं झालं की माणूस दगावतो. ते माझ्या इतकं अंगात भिनलं की घरी साखरेच्या डब्यात मीठ दिसलं तरी मला घाम फुटायचा. आणि अशा माणसाच्या गळ्यात देवाने बायको कुठली बांधली? जिने त्रेसष्ट रेकॉर्डींपैकी एकही रेकॉर्ड कधी तिच्या स्वतःच्या कव्हरमध्ये ठेवली नाही. बासरीच्या कव्हरमध्ये व्हायोलिन, व्हायोलिनच्या कव्हरमध्ये त्या गायिका बाईंची गाणी, बाईंच्या कव्हरमध्ये तो पियानो. मी ओरडलो, हात जोडले, कपाटावर चिठ्ठी चिकटवली. तिने त्या चिठ्ठीच्या मागे वाण्याची यादी लिहिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, नावंही तिची वेगळीच. कव्हरवर छापलेलं नाव घेतलं तर आमच्या घरात ती रेकॉर्ड कुणाला सापडायची नाही. बासरीची ती 'खोलीची'. लग्नानंतर भाड्याच्या खोलीत राहायला गेलो त्या आठवड्यात मी ती विकत आणली, आणि प्लेयर आला आठ महिन्यांनी. (बाजारात तुरी म्हणतात त्यातला प्रकार, फक्त आमच्या तुरी घरात होत्या आणि शिजवायला चूल नव्हती.) ते आठ महिने ही रोज संध्याकाळी ती रेकॉर्ड कव्हरमधून काढायची, मऊ फडक्याने पुसायची, उजेडात तिरकी धरून बघायची आणि आत ठेवायची. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, दुसऱ्या बाजूचं तिसरं लांबलचक आहे, रेघा दाट आहेत तिथे. पुढे प्लेयर आल्यावर बघितलं तर खरोखरच ते सगळ्यात लांब निघालं. तेव्हा मी तिला हसलो होतो. आज त्या खोलीचं नुसतं नाव काढलं तरी परत राहायला जावंसं वाटतं, आणि तिथे तर धड खिडकीसुद्धा नव्हती.

बाईंच्या गाण्यांची ती 'दाताची'. हिची अक्कलदाढ काढली तेव्हा तीन दिवस बोलायची बंदी होती. ही गप्प, या कल्पनेनेच मी दुकानातून हसत घरी आलो. पण तिने काय करावं? बोलायचं असेल ते गाण्यातून सांगायला लागली. भूक लागली की एक गाणं, मी लवकर यावं म्हणून दुसरं, माझा वीट आला की तिसरं. पिन उचलून नेमक्या जागी ठेवायची, बोटाने माझ्याकडे खूण करायची आणि सुजलेल्या गालाने हसायची. ते हसणं इतकं वेडंवाकडं असायचं की मलाच हसू आवरायचं नाही. तीन दिवसांत एक शब्द न बोलता तिने मला दिवसाला चार वेळा बाजारात पिटाळलं. तोंडाने बोलत होती तेव्हा दोनदा जायचो.

व्हायोलिनची ती 'बाळाची'. ही हकिगत तुमची भाची परवा फोनवर पुन्हा ऐकून घेत होती. ती तान्ही असताना दुसरं काही लावलं की भोकाड पसरायची. या रेकॉर्डीवर एक चरा होता, तिथे पिन अडकायची आणि तोच एक सूर टिणटिण वाजत राहायचा, कुणी उठून ढकलेपर्यंत. मला वाटलं, पोरीची झोपमोड होते, म्हणून मी गावभर हिंडून तीच रेकॉर्ड नवी कोरी पैदा केली. नवी लावली. ती जागा आली, पिन सरळ पुढे गेली, आणि पोरगी दचकून उठून जी रडायला लागली ती शेजारी दार वाजवेपर्यंत. तिला तो अडकलेला सूर ऐकल्याशिवाय झोपच यायची नाही. नवी रेकॉर्ड कुणाला तरी देऊन टाकली आणि पुढची दोन वर्षं आम्ही दोघं आळीपाळीने उठून पिन ढकलत राहिलो. परवा ती हसत हसत हे ऐकत होती आणि मध्येच तिला रडू फुटलं. मग मी तिला दुकानातल्या उंदराची गोष्ट सांगायला घेतली, पण ती काही रंगली नाही.

आणि पियानोची ती 'रुसव्याची'. ती तुम्हाला वेगळी सांगायला नको. माझ्यावर रुसली की हीच लागायची, आवाज चढवून. जिन्यात पहिल्या मजल्यावरच मला कळायचं की आज वर हवामान कसं आहे. बऱ्याचदा मी तिथूनच मागे फिरायचो आणि कोपऱ्यावरून काहीतरी खायला घेऊन यायचो. एकदा दोन्ही बाजू संपेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं, आणि ते पुढे तिथेच ठेवायला लागला.

तर ही गेल्यावर काय झालं, की हाताला काम नव्हतं. दुकानातून दीडला परत यायचं आणि पुढे काय? दिवस खायला उठायचा. मग एका रविवारी कपाट उघडलं आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट रेकॉर्डी खाली काढून, जिची तिच्या कव्हरमध्ये घालायला बसलो. दोन रविवार गेले. क्रमांक घातले, चिठ्ठ्या चिकटवल्या, दुकानात गोळ्यांना लावतो तशा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. चाळीस वर्षांची इच्छा पुरी होत होती आणि 'नको रे बाबा' म्हणणारं कुणी नव्हतं. (ते म्हणणारं कुणी नाही, हे तेव्हा मी मुद्दामच मनात येऊ देत नव्हतो.) तुम्ही आलात तेव्हा शेवटची चिठ्ठी चिकटवत होतो आणि तुम्हाला मोठ्या ऐटीत सगळं कपाट दाखवलं. तुम्ही एक कव्हर उघडून आत बघितलंत. मग म्हणालात,

"भाऊजी, तुम्ही तिला आवरून टाकलंत."

मी चिडलो. मला वाटलं होतं तुम्ही शाबासकी द्याल. मी म्हणालो की, एवढ्या वर्षांचा पसारा आवरला तर काय चुकलं, आणि ती कपाटात नव्हती, खुर्चीत होती. हे दुसरं वाक्य मी बोलायला नको होतं. तुम्ही पर्स उचललीत आणि टाकलेला चहा तसाच ठेवून गेलात. त्या वाक्याबद्दल मी माफी मागतो. चिठ्ठ्यांबद्दल तेव्हा मागितली नसती. आज मागतो, आणि का ते सांगतो.

प्लेयरची पिन झिजली होती म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. गप्पिष्ट माणूस. कपाट बघून म्हणाला, वा, एकदम कडक शिस्त. मी हिची सगळी कहाणी त्याला ऐकवली. तो काही हसला नाही. म्हणाला, आमच्या आईचंही असंच होतं. एक रेकॉर्ड संपली की तिला हातात धरायची, कपाटातून दुसरी काढायची, दुसरीचं कव्हर रिकामं झालं की हातातली त्याच्यात सारायची. पहिलीचं कव्हर कोण शोधत बसणार? "साहेब, तो घोटाळा नसतो. कव्हर उघडून बघायचं. आत जी असेल ती त्या कव्हरवालीच्या आधी वाजलेली."

तो पिन बसवून गेला. मी दुपारभर त्या कपाटासमोर बसून होतो. ताई, शेवटचे महिने ही दिवसभर त्या खुर्चीत होती आणि उठायची ती फक्त रेकॉर्ड बदलायला. कशानंतर तिला काय ऐकावंसं वाटलं, आज काय, काल काय, परवा काय, ते सगळं तिथे ओळीने ठेवलेलं होतं. जरा डोकं चालवलं असतं तर शेवटापासून मागे मागे जाता आलं असतं. मी ते दोन रविवार बसून, चहा पीत, शिट्टी वाजवत पुसून टाकलं. तुम्ही म्हणाल, मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी कधी विचारलं नाहीत काय ऐकतेस म्हणून, आणि आता कपाटासमोर बसून रडता. म्हणा. म्हणायचा हक्क आहे तुम्हाला. पण तिच्या शेवटच्या दिवसांत तिच्या मनात काय होतं ते समजण्याची तेवढीच एक वाट होती, आणि मला आता दुसरं काहीच समजून घ्यावंसं वाटत नाही.

तेव्हा सवडीने येऊन थर्मास घेऊन जावा. शनिवारी मी दीडनंतर घरीच असतो. इतर दिवशीही असतो. गुडघ्याला जिना झेपत नसेल तर खालून हाक मारा, मी खाली येईन. शिंप्याचं स्टूल आहे बसायला.

तुमचा धाकटा मेहुणा (वयाने थोरला)

ता. क. थर्मास फुटला आहे. आतली काच फुटली, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात, माझ्याच हातून. गरम पाणी भरून ठेवत होतो, उगीचच. म्हणजे थर्मास न्यायला येण्यात तसा अर्थ नाही. तरीही या.

आणखी एक ता. क. हे पत्र तीन दिवस पाकिटात घालून ठेवलं होतं, आज पुन्हा काढलं. जे लिहायचं होतं ते राहून गेलं आहे. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही, लेकीलासुद्धा नाही. त्या दिवशी तुम्ही नेहमीप्रमाणे तीन वाजता गेलात. मालकांनी त्या दिवशी माल उतरवून घ्यायला थांबवलं म्हणून मी पाचला आलो. दार उघडलं तर रेकॉर्ड संपलेली, पिन शेवटच्या रेघेत टकटक करत फिरते आहे. ही खुर्चीत, तोंड खिडकीकडे, मान जरा कलती. मला वाटलं डोळा लागला. आणि मी बोलायला लागलो. की पिन अशी फिरत ठेवली तर झिजणार नाही का. रेकॉर्ड उचलली, तिचं कव्हर शोधलं, त्यात दुसरीच. ती काढली, तिचं कव्हर शोधलं, त्यात तिसरी. अशी सात कव्हरं झाली, ताई. प्रत्येक कव्हराला मी तिला ऐकवत होतो. डबी एक, गोळी दुसरी. पाठमोरा उभा राहून. सातवी जागेवर बसली तेव्हा मी विजयी झाल्यासारखा आत गेलो, दोन कप चहा केला आणि तिचा कप घेऊन समोर गेलो, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले की सव्वा-दीड तास होऊन गेला असेल, मी धावत आलो असतो तरी काही फरक पडला नसता. त्यांचं अक्षर मी वाचतो, बोलण्यावरही विश्वास ठेवतो. पण ज्या माणसाकडे लोक नुसता चेहरा दाखवून गोळी मागतात, त्या माणसाने आपल्या बायकोकडे वळून बघितलं नाही. तो पाव तास मी तिच्याशी भांडत होतो. आणि सात कव्हरांच्या त्या उलाढालीत प्लेयरवरून पहिली उचलली ती कुठली होती, ते मला आठवत नाही. शपथ घेऊन सांगतो, रोज आठवून बघतो, आठवत नाही.

शेवटचा ता. क. त्या दिवशी सकाळी निघताना आमचं वाजलं होतं. मी म्हणालो की सारखी उठून रेकॉर्ड बदलू नकोस, पडशील. जरा जास्तच जोरात म्हणालो. तुम्ही निघताना रोज तिला विचारून एक रेकॉर्ड लावून द्यायचात. त्या दिवशी तिने कुठली लावायला सांगितली? सात फोन मी एवढ्यासाठीच केले होते. रुसव्याची होती का? असेल तर तसं सांगा, माझं मी बघेन. आठवत नसेल, तर ताई, चाळीस वर्षं मी नाव दोनदा वाचल्याशिवाय कुणाच्या हातावर गोळी ठेवली नाही, तरीपण सांगतो: तुम्ही दुसरं कुठलंही एक नाव सांगा. मी ते खरं मानीन.